अळवावरचें पाणी आणि तारेवरचा थेंब

पावसाची सर ओसरल्यावर पानाफुलांवर राहिलेल्या थेंबांचीं अतिसमीप छायाचित्रें घेण्याची हौस अलीकडे बरीच फैलावली आहे. लालबागच्या चाळींत राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें गेल्या पावसाळ्यांत काढलेलीं अशीं पंचवीस-तीस चित्रें आम्हांस पाहावयास दिलीं. गॅलरींतील कुंड्या आणि कपडे वाळविण्याची तार, एवढेंच त्याचें क्षेत्र.

अळवाच्या पानावरील थेंबाचें चित्र प्रथम डोळ्यांत भरतें. पानाच्या मेणचट, सूक्ष्म उंचवट्यांच्या पृष्ठामुळें पाणी पसरत नाहीं, गोळी होऊन राहतें. परंतु हें चित्र आपण पूर्वींच पाहिलें आहे, असें वाटूं लागतें. कमलपत्रावरील थेंबास मोत्याची शोभा भर्तृहरीनें नीतिशतकांत दिली व वामन पंडितांनीं ती मराठींत आणली. कॅमेऱ्यानें तीच उपमा गिरविली. ‘अळवावरचें पाणी’ म्हणतांना आपल्या मनांत असतें तें त्याचें निसटतेपण. येथें तो थेंब सोनाराच्या पेढीवर मांडल्यासारखा बसला आहे. (कित्येक हौशी मंडळी पाण्यांत ग्लिसरीन मिसळून पिचकारीनें असे थेंब घरींच करतात. त्या कौशल्यास आमचा नमस्कार. पावसाशीं त्याचा संबंध नाहीं.) हॅरोल्ड एजर्टन यांनीं १९५७ सालीं दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला, तेव्हां डोळ्यास कधीं न दिसणारें कांहीं हातीं लागलें. या मोत्यांतून काय हातीं लागतें?

उत्तर त्यानें बाजूस काढलेल्या चित्रांत मिळालें. “सर, तें फसलेलें आहे, थेंबाची कडच धूसर आली,” असें म्हणून तो तें परत घेऊं लागला. तारेला लोंबणारा दोन-तीन मिलिमीटरांचा थेंब, आणि त्यांत उलटी लटकलेली समोरची चिमणी, १९८२ च्या संपानंतर उतरती कळा लागलेल्या गिरण्यांपैकीं एकीची. खालीं आकाश, वर रस्ता.

कड धूसर येणें हा येथें दोष नव्हे. जवळजवळ गोल असलेला थेंब हें भिंगच असतें. मागच्या दूरच्या वस्तूची उलटी प्रतिमा थेंबाच्या पोटांत पडत नाहीं. ती कॅमेऱ्याच्या बाजूस, थेंबाच्या पृष्ठाबाहेर सुमारें त्रिज्येइतक्या अंतरावर पडते. मूळ वस्तूएवढें चित्र घेतांना स्पष्टतेची खोली मात्र मिलिमीटरभर मिळाली तरी पुष्कळ. म्हणून कड किंवा चिमणी, दोहोंपैकीं एकच निवडावें लागतें. इतर चित्रांत त्यानें कड निवडली; येथें, बहुधा नकळत, चिमणी. त्यामुळें एवढ्या एकाच चित्रांत पाऊस लालबागेंत पडला असें दिसतें. बाकीचे थेंब कोणत्याही बागेंतले असूं शकतात.

रंग त्यानें थोडे अधिक भडक केले आहेत, तें आम्हांस रुचलें नाहीं. शिवाय चित्रामागें पेन्सिलीनें ‘मोती’ असें लिहिलें आहे. तें खोडून तेथें चाळीचें नांव व तारीख घालावी, असें आम्हीं त्यास सांगितलें. चाळ पुनर्विकासासाठीं दिवाळीनंतर रिकामी व्हावयाची आहे.