बतावणी: तमाशाच्या अभ्यासात राहून गेलेली जागा

तमाशावर काम करायचं ठरवलं असेल तर आधी स्वतःची टिपणं उघडा. बतावणीला किती ओळी आहेत? गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. पण बतावणी आली की ‘विनोदी संवाद’ म्हणायचं आणि गाडी वगावर न्यायची. वगाला कथा असते, कर्ता असतो, कधीकधी छापील पुस्तकही असतं. ग्रंथालयात बसून काम होतं, म्हणून वग मोठा दिसतो.

आता बतावणीचं यंत्र कसं चालतं ते पाहा. पाचोऱ्याकडच्या प्रेक्षकाला अहिराणी आणि प्रमाण मराठी दोन्ही कळतात, हे धरून मीच रचलेला हा नमुना. सोंगाड्या म्हणतो, ‘पाहुना उना.’ उना म्हणजे आला. सरदाराला ऐकू येतं ‘उणा’. ‘कशात उणा?’ ‘पायमा वहान नही, तरी उना. डोकावर टोपी नही, तरी उना. खिसामा पैसा नही, तरी उना.’ ‘अरे, मग उणाच की!’

हसू कुठे येतं? प्रेक्षकाला दोन्ही अर्थ कळतात, सरदाराला एकच. शुद्ध बोलणारा इथे अडाणी ठरतो. पण तिसऱ्या ‘उना’नंतर सरदार अर्धा क्षण थांबला नाही, तर सगळं वाया. तो थांबा संहितेत कसा छापणार? ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके ऐनवेळी जे घालत, तेही पुस्तकात शोधून मिळायचं नाही.

अमेरिकेच्या व्हॉडेव्हिलशी तुलना इथे उपयोगी पडते. अ‍ॅबट आणि कॉस्टेलो यांचं ‘हूज ऑन फर्स्ट?’ याच जातीचं: खेळाडूचं नावच ‘कोण’, मग विचारणारा हैराण. असे शब्दखेळ त्यांच्या आधीपासून रंगमंचावर फिरत होते. पण 1938 मध्ये त्यांचा हा प्रवेश रेडिओवर देशभर गेला, पुढे चित्रपटात आला, म्हणून आज आपण तो ऐकू शकतो. तुलना मात्र फार ताणू नका. व्हॉडेव्हिलमध्ये एका प्रयोगाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. आपला सोंगाड्या बतावणी संपवून वगातही शिरतो, आणि राजाच्या दरबारात पुन्हा तीच खोडी काढतो.

राहिला ‘अश्लील’ हा शब्द. बतावणीवर तो फार सहज मारला जातो, आणि प्रबंधांतही मी तो अवतरणचिन्हांशिवाय पाहिलाय. तमाशा कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजांतले. शैलजा पाईक यांचं 2022 मधलं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ आधी वाचा. हा शिक्का कोण मारतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे त्यात आहे. मग स्वतःचं वाक्य तपासा.

यात्रेत ध्वनिमुद्रण केलंत तर प्रेक्षकांचा गलका कापू नका, आरोळ्याही लिहून घ्या. आणि नुसतं फडमालकाला विचारून भागत नाही, सोंगाड्यालाही विचारा.