प्रेक्षकाचा विकल्प

रक्तपात दाखविणाऱ्या नाट्यकृतीविषयी वाद निघाला की दोन पक्ष ठरलेले असतात. एक म्हणतो, हे पाहून समाज बिघडतो. दुसरा म्हणतो, समाज असाच आहे, आम्ही केवळ आरसा धरला. या दोन्ही कैफियती इतक्या वेळा दाखल झाल्या आहेत की त्यांतील परिच्छेद तोंडपाठ व्हावेत. ‘द सोप्रानोज’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या बाबतीत मात्र एक तिसरा पक्ष पुढे आला, आणि तो समीक्षकांचा नव्हता, खुद्द प्रेक्षकांचा होता. त्याची तक्रार अशी की, मालिकेत बोलणे फार होते आणि खून पुरेसे होत नाहीत!

डेव्हिड चेस यांची ही ८६ भागांची मालिका एचबीओ वाहिनीवर १० जानेवारी १९९९ रोजी सुरू झाली आणि १० जून २००७ रोजी संपली. न्यू जर्सीतील टोनी सोप्रानो हा माफिया टोळीचा म्होरक्या. घरात पत्नी व दोन मुले. बाहेर खंडणी, सावकारी, खून. त्याला अकस्मात घेरी येऊन तो कोसळू लागतो, म्हणून तो डॉक्टर जेनिफर मेल्फी या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जाऊ लागतो. जेम्स गँडोल्फिनी आणि लोरेन ब्रॅको यांनी या दोन भूमिका अशा वठविल्या आहेत की त्या दवाखान्यातील दोन खुर्च्या हेच मालिकेचे खरे रंगस्थळ होऊन बसते. समीक्षकांनी मालिकेला कादंबरीच्या पंक्तीला नेऊन बसविले ते याच प्रवेशांच्या बळावर. आणि प्रेक्षकांतील एक मोठा वर्ग कंटाळत असे तोही नेमका येथेच.

प्रेक्षक टोनीच्या बाजूने इतका कसा वळला, याचे उत्तर पहिल्या पर्वातील ‘कॉलेज’ या भागात सापडते. मुलीला महाविद्यालये दाखविण्यासाठी टोनी मेन राज्यात जातो. तेथे पूर्वी टोळीशी फितूर झालेला एक इसम त्याच्या दृष्टीस पडतो आणि तो त्याचा स्वतःच्या हातांनी गळा आवळतो. नायकाने असे कृत्य केले तर प्रेक्षक त्याला टाकतील, अशी भीती वाहिनीच्या अधिकाऱ्यांना वाटत होती. चेस यांनी आग्रह सोडला नाही. प्रेक्षकांनी नायकाला टाकले तर नाहीच, उलट त्याला अधिकच जवळ केले.

हे कसे घडते, याचा विचार मराठीत फार पूर्वी झालेला आहे. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली. रसिक परकाया प्रवेश करतो. पण आपण आपणच आहोत ही जाणीवही त्याच्यापाशी शिल्लक राहते, आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा आशय. (केळकर मूळचे वकील. दुसऱ्याचा पक्ष आपला म्हणून मांडायचा आणि तरीही आपण पक्षकार नव्हे हे विसरायचे नाही, हा धडा त्यांना न्यायालयातच मिळाला असावा, असा मला नेहमी संशय येतो.) टोनीच्या अंगात शिरून गळा आवळणाऱ्या प्रेक्षकाजवळ हा विकल्प उरतो की नाही, हा खरा प्रश्न आहे. पडद्यावर रक्त किती सांडले याची मोजदाद करणारे टीकाकार आणि अधिक रक्त मागणारे प्रेक्षक हे दोघेही एकच चूक करतात. त्यांना मालाचे माप हवे असते. परिणामाची चौकशी नको असते.

चेस यांनी ती चौकशी तिसऱ्या पर्वात केली. १८ मार्च २००१ रोजी दाखविलेल्या ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ या भागात डॉक्टर मेल्फींवर वाहनतळाच्या जिन्यात बलात्कार होतो. हे दृश्य पाहवत नाही, आणि ते पाहवू नये अशीच त्याची योजना आहे. आरोपी सापडतो, परंतु पोलिसांच्या हातून पुराव्याच्या ताब्याची साखळी तुटते आणि तो सुटतो. आपल्याकडच्या फौजदारी न्यायालयात ज्यांनी मुद्देमालाच्या सीलावरून उलटतपासणी पाहिली आहे, त्यांना यात काडीचेही नवल वाटणार नाही. पुढे एका खाद्यगृहात शिरल्यावर मेल्फींना भिंतीवर त्याच माणसाची तसबीर दिसते. महिन्याचा उत्तम कर्मचारी म्हणून ती तेथे टांगलेली असते!

येथून पुढे प्रेक्षक काय मागतो हे सांगण्याची आवश्यकता नाही. मेल्फींच्या हाताशी एक मनुष्य आहे. त्याला एक शब्द सांगितला की पुरे. त्यांना स्वप्नातही एक हिंस्र कुत्रा आरोपीवर तुटून पडताना दिसतो, आणि तो कुत्रा कोण हे त्या पुरतेपणी ओळखतात. आपल्या सहव्यवसायी डॉक्टरापाशी त्या कबूल करतात की, समाजाशी केलेला करार मी मोडणार नाही. पण मनात आणले तर त्या माणसाला चिरडवू शकते, या जाणिवेतही एक समाधान आहे. अखेरच्या प्रवेशात त्या टोनीसमोर रडू लागतात. जखमा मोटारीच्या अपघाताच्या आहेत, असे त्याला सांगितलेले असते. काही सांगायचे आहे का, असे तो विचारतो. त्या ‘नाही’ म्हणतात, आणि पडदा काळा होतो.

या एका नकाराने मालिकेने प्रेक्षकाचा विकल्प त्याला परत केला, असे माझे मत आहे. कायद्याने मेल्फींना काही दिले नाही. तरीही कायदा हाती घेण्याचा मोह त्यांनी बाजूस सारला, आणि त्याची किंमत त्यांनी एकटीने भरली. नाटककाराने येथे कायद्याची भलावण केलेली नाही. तो कायदा नादुरुस्तच दाखविलेला आहे. या भागाच्या लेखनास एमी पारितोषिक मिळाले. प्रेक्षकांतील अनेकांना मात्र आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले, आणि आज ना उद्या टोनीला हे कळेल म्हणून ते वाट पाहत राहिले.

त्याच वर्षी दुसरी एक तक्रार थेट न्यायालयात गेली. इटालियन वंशाच्या अमेरिकनांच्या एका संघटनेने शिकागो येथे दावा लावला की, ही मालिका इलिनॉय राज्याच्या संविधानातील व्यक्तिप्रतिष्ठेच्या कलमाचा भंग करते. एखाद्या समूहास त्याच्या वंशावरून गुन्हेगार म्हणून रंगविणाऱ्या प्रचाराचा ते कलम धिक्कार करते. धिक्कार करते, पण त्यावर उपाय काही देत नाही. आणि जेथे उपाय नाही तेथे दावा उभा राहणे कठीण. तो त्याच वर्षी काढून टाकण्यात आला, आणि ते योग्यच झाले. गंमत अशी की, हीच तक्रार मालिकेत मेल्फींचा विभक्त पती रिचर्ड तावातावाने मांडतो. वादीचा युक्तिवाद प्रतिवादीने आधीच आपल्या संहितेत समाविष्ट करून ठेवला होता!

मालिकेवर खरा आक्षेप घ्यावयाचा तर तो दुसरीकडे आहे. टोळीची मंडळी ज्या क्लबात बसून बोलतात, तेथे त्यांच्या पाठीमागे अर्धनग्न नर्तकी सतत डुलत असतात. त्यांना ना नाव, ना वाक्य. ‘युनिव्हर्सिटी’ या भागात त्यांतील एकीला, २० वर्षांच्या ट्रेसीला, नाव मिळते. ती टोनीसाठी कृतज्ञतेने खजुराचा केक करून आणते, आणि त्याच भागात राल्फ नावाचा टोळीवाला तिला मारून मारून ठार करतो. टोनी संतापून राल्फला ठोसे लगावतो; परंतु टोळीपुढे जो पेच उभा राहतो तो दीक्षा घेतलेल्या सदस्यावर हात उगारल्याचा, मुलीच्या खुनाचा नव्हे. काही टीकाकारांनी या भागाला स्त्रीद्वेष्टा म्हटले. मला तो तसा वाटत नाही. त्यांच्या संहितेत कोणाचा जीव मोजला जातो हे त्याने उघडे केले आहे. पण पुढल्याच भागांत त्या नर्तकी पुन्हा पाठीमागे तशाच डुलताना दिसतात. एकदा जागा केलेला विकल्प येथे मालिकेनेच पुन्हा झोपविला, आणि त्याबद्दल समीक्षक फारसे बोलत नाहीत.

शेवटी, ३ जून २००७ रोजीच्या भागात मेल्फी टोनीवरील उपचार बंद करतात. असल्या रुग्णांना संभाषणाने गुण येत नाही, उलट ते अधिक तरबेज होतात, असे प्रतिपादणारा अभ्यास त्यांच्या वाचनात आलेला असतो. त्या दार लावून घेतात. पुढच्या रविवारी सुमारे १ कोटी १९ लाख प्रेक्षक अखेरचा भाग पाहावयास बसले. खाणावळीत टोनी मान वर करतो आणि पडदा एकदम काळा होतो, तेव्हा अनेकांना वाटले की केबलच बंद पडली. वर्षानुवर्षे ज्याला शाबासकी दिली त्याचाच मुडदा पाहावयास मिळाला नाही म्हणून प्रेक्षक रागावले, ही विसंगती चेस यांनी नंतर बोलून दाखविली. टोनी मेला की जगला, याचा खल अद्याप चालू आहे. वाहनतळाच्या जिन्यातील तो इसम मात्र शेवटपर्यंत कोणी टोनीच्या हवाली केला नाही.