देव दमला नव्हता



चाळीस वर्षे कीर्तनात उभा राहिलो. आता गुडघे उभे राहू देत नाहीत, म्हणून बसून वाचतो. वाचता वाचता माझीच एक जुनी चूक हाती लागली. ती चूक मी लोकांसमोर केली होती, तेव्हा तिची कबुलीही चार लोकांसमोरच व्हावी, म्हणून हा लेख.

काळाचौकी, घोडपदेव, कॉटन ग्रीन या भागात सप्ताहांत मी पुष्कळ सेवा केली. पांडुरंगाच्या रूपाचा अभंग निरूपणाला घेतला की माझा एक ठरलेला दृष्टांत असे. मी म्हणे, "ख्रिस्ती लोकांच्या देवाने सहा दिवसांत जग केले आणि सातव्या दिवशी दमून बसला. आमचा पांडुरंग अठ्ठावीस युगे उभा आहे, अजून दमला नाही!" टाळकरी हसत, मंडप हसे, पुढची चाल रंगे. दुसरी कोटी अशी, की त्यांच्या देवाने उजेड केला पहिल्या दिवशी आणि सूर्य केला चौथ्या दिवशी. मग तीन दिवस दिवा कोणाचा?

आमच्या शेजारच्या इमारतीत नगरकडचे एक मराठी ख्रिस्ती गृहस्थ राहतात. गोदीत नोकरी केली, आता निवृत्त आहेत. दर वर्षी सप्ताहाला येत, मागे बसून कीर्तन ऐकत, महाप्रसाद घेऊन जात. एका वर्षी त्या कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात आले, हातात मराठी बायबल. एवढेच म्हणाले, "बुवा, ज्या ग्रंथावर बोलता तो एकदा वाचा. मग खुशाल हसवा." मी पुस्तक घेतले आणि माळ्यावर ठेवून दिले. वीस वर्षे ते तिथेच राहिले. गेल्या चातुर्मासात खाली काढले.

त्यातला पहिला ग्रंथ 'उत्पत्ती'. त्याचा पहिला अध्याय लहान आहे, एका बैठकीत वाचून होतो. देव बोलतो आणि वस्तू होते. उजेड, आकाश, जमीन आणि झाडे, सूर्य-चंद्र, मासे आणि पक्षी, मग पशू आणि माणूस. केले की तो पाहतो आणि चांगले आहे असे ठरवतो. प्रत्येक दिवस संध्याकाळ आणि सकाळ असे म्हणून संपतो.

माझी उजेडाची कोटी तर मलाच लाजवून गेली. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत ज्या धामाविषयी सांगतात, तिथे सूर्याचाही प्रकाश चालत नाही आणि चंद्राचाही. त्यावर मी तासन् तास निरूपण केले आहे. सूर्याआधीचा प्रकाश आमच्या पोथीत आला की सिद्धांत, आणि दुसऱ्याच्या पोथीत आला की विनोद, हा न्याय कुठला?

आता सातवा दिवस. मूळ हिब्रू भाषेत तिथे जो शब्द आहे, त्याचा मुख्य अर्थ थांबणे. आणि त्यांच्याच यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात देव थकत नाही असे स्वच्छ सांगितले आहे. म्हणजे देव दमला नव्हता. काम पूर्ण झाले म्हणून थांबला. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सहा दिवसांच्या शेवटी संध्याकाळ-सकाळ झाल्याचे सांगितले आहे, सातव्याच्या शेवटी तसे सांगितलेले नाही. तो दिवस मावळल्याचे त्या कथेत येतच नाही.

पण थांबायचे कशासाठी? याचे उत्तर पुढच्या ग्रंथांत मिळते. 'निर्गम' ग्रंथात दहा आज्ञा आहेत. तिथे सातव्या दिवसाचा विसावा केवळ घरधन्याला सांगितलेला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, जनावरे आणि दारी आलेला परका, सर्वांना तो दिवस आहे. 'अनुवाद' नावाच्या ग्रंथात तीच आज्ञा पुन्हा येते आणि कारणही येते: तुम्ही मिसर देशात दास होता, ते विसरू नका. आपण बैलाला वर्षातून एकदा पोळ्याला थांबवतो. इथे बैल आणि गाढव दर सातव्या दिवशी थांबतात. देव आधी स्वतः थांबला, म्हणजे मालकाला गड्याला थांबवावेच लागेल.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. कारण मला माझे वडील दिसले.

वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. सहा दिवस पाळी. रविवारी दुपारी ते मला मांडीशी घेऊन हरिपाठ म्हणवून घेत, संध्याकाळी चाळीत भजन असे. टाळ मी रविवारीच धरायला शिकलो. आणि हा रविवार कामगाराला आपोआप मिळालेला नाही. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, असेही लोखंडे यांनी त्या मागणीत मांडल्याचे सांगतात. यहुदी लोक तो दिवस शनिवारी पाळतात, ख्रिस्ती रविवारी, आमच्या कामगाराने तो खंडोबाच्या नावाने मागितला. वार कोणताही असो, कष्टकऱ्याला थांबता आले पाहिजे हे मर्म एकच. ज्या दिवसाने माझ्या हाती टाळ दिला, त्याच दिवसाची मी चाळीस वर्षे थट्टा केली.

ही कथा मराठीला नवी आहे असेही नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने ती आपल्या ओवीत सांगितली. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. पुढे १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. त्यात सृष्टीची उत्पत्ती आहे, आदाम-एवा आहेत आणि स्वर्गाला शब्द आहे वैकुंठ! ज्ञानेश्वरीनंतर सव्वातीनशे वर्षांनी एका परदेशी माणसाला ओवीचा आधार घ्यावासा वाटला, याचे कौतुक वाटते. पण त्याच सासष्टीत १५६७ साली देवळे पाडली गेली, हेही विसरता येत नाही. त्या ओव्या वाचताना मन दोन्हीकडे ओढले जाते. तरी सत्तेचा जुलूम सत्तेच्या पदरी टाकावा आणि ग्रंथ ग्रंथ म्हणून वाचावा, असे मला वाटते.

आता मतभेद सांगतो. थट्टा सोडली म्हणजे विचार सोडला असे नव्हे.

उत्पत्तीतला देव सृष्टी करतो, पण सृष्टी होत नाही. कुंभार वेगळा, घट वेगळा. आपल्या परिभाषेत तो निमित्तकारण आहे, उपादानकारण नाही. उपनिषदांतला कोळी मात्र आपल्यातूनच धागा काढतो. माउलींनी अमृतानुभवात सांगितलेला चिद्विलास मला सोडवत नाही: जग हे त्याचेच स्फुरण, अलंकार झाला तरी सोन्याचे सोनेपण जात नाही. दुसरे असे, की तिथे माणसाला प्राण्यांवर सत्ता दिली आहे. ज्या संप्रदायात नामदेवराय तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावतात आणि नाथमहाराज तहानलेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजतात, त्याला सत्ता हा शब्द टोचतो. मात्र लगेच पुढची ओळ वाचा. माणसाला आणि पशूंना अन्न म्हणून दिले आहे ते धान्य, फळ आणि हिरवा पाला. मांसाची परवानगी पुढे जलप्रलयानंतर येते. तुळशीची माळ घातलेल्या माणसाने हे वाचून चकित व्हावे.

आणि पांडुरंगाचे काय? तो उभा आहे हे खरे. पण तो जनाबाईच्या जात्याला हात लावतो, नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरतो, दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन रसद भरतो. त्यांचा देव थांबून दासाला विसावा देतो. आमचा देव दासाचे काम स्वतःच्या अंगावर घेतो. रीत निराळी, पण दोघांचे लक्ष जात्यावर बसलेल्या बाईकडे आहे. माझ्या जुन्या दृष्टांतात हे दोन देव एकमेकांशी झुंजत होते. खरा दृष्टांत हा होता, आणि तो मला न वाचल्यामुळे सुचला नाही.

म्हणून तरुण कीर्तनकारांना हात जोडून सांगतो. पूर्वपक्ष मांडायचा तर तो पूर्ण मांडावा, त्या पक्षाच्या माणसाने मान डोलवावी असा मांडावा, मग आपला सिद्धांत सांगावा. आपल्या आचार्यांची रीत हीच आहे. न वाचता केलेल्या विनोदाने मंडप हसतो, पण मागे बसलेला एक श्रोता दुखावतो. त्याच्याही अंतरी विठ्ठलच आहे, हे तर आपण रोज गातो.

गेल्या रविवारी काठी टेकत त्या गृहस्थांच्या घरी गेलो, ग्रंथ त्यांच्या हाती दिला आणि चुकलो म्हणालो. त्यांनी चहा मागवला. मी विचारले, "एवढे बोललो तरी त्या दिवशी उठून का गेला नाहीत?" ते म्हणाले, "पुढे जनाबाईचं जातं लावलंत ना बुवा, म्हणून बसलो."

रामकृष्णहरी!