मिलिकन यांचे ५८ थेंब

रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवर प्रयोग करून इलेक्ट्रॉनवरील विद्युतभार मोजला. १९१३ सालच्या त्यांच्या शोधनिबंधात ५८ थेंबांच्या नोंदी आहेत. हे थेंब निवडलेले नसून सलग ६० दिवसांत तपासलेले सर्व थेंब आहेत, असे ते ठासून लिहितात. १९७८ मध्ये जेराल्ड होल्टन यांनी त्यांच्या प्रयोगवह्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वह्यांत शंभराहून अधिक थेंब निघाले!

नोंद वगळणे हा मुळात दोष नव्हे. थेंबाला धूळ चिकटली, हवेत प्रवाह निर्माण झाले, तर नोंद टाकावीच लागते. शिवाय वगळलेले थेंब धरूनही सरासरी फारशी बदलत नाही, असे नंतरच्या अभ्यासकांना आढळले. दोष आहे तो ‘सर्व’ या शब्दात. त्या शब्दामुळे निवड योग्य होती की नाही, हे तपासण्याची वाचकाची वाटच बंद झाली.

मिलिकन यांचे उत्तर आजच्या किमतीपेक्षा सुमारे ०.६ टक्के कमी होते. याचे मुख्य कारण म्हणजे हवेच्या श्यानतेची (दाटपणाची) चुकीची किंमत. ही चूक प्रत्येक नोंदीत सारखीच होती. वेगळे पडणारे आकडे गाळून ती सापडणे शक्यच नव्हते. नोंदी आपसांत जुळल्या म्हणजे उत्तर बरोबर आले, असे नाही.

लंबकाच्या प्रयोगात एक नोंद वेगळी आली की विद्यार्थी ती खोडतो, आणि सुबक जर्नलला आपण पूर्ण गुण देतो. त्याऐवजी आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी कारण लिहायला सांगावे. कारण सापडले नाही, तर नोंद राहू द्यावी. गुण द्यायचे ते अशा वहीला.