‘हार्वेस्ट’मधली खोली : मंजुला पद्मनाभन यांच्या लेखनाविषयी

मुस्लिम मराठी साहित्याच्या परिसंवादांतून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता वक्ता उभा राहिला की ते येणार हे कळते. आपले साहित्य अनुभवाचे आहे, कल्पनेचे चोचले आपल्याला परवडणारे नाहीत. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा या म्हणण्यात वजन होते. आपल्या घरांतले दुःख, दारिद्र्य, तलाकची भीती, दंगलीनंतरचा सन्नाटा हे मराठीत कुणी आतून लिहिलेच नव्हते. ते लिहिले जाणे आधी गरजेचे होते. पण पुढे हेच वाक्य कुंपण होऊन बसले. विज्ञानकथा नारळीकर-फोंडके यांची, भयकथा धारपांची, चित्रपट्टी लहान मुलांची, आणि आपल्या वाट्याला फक्त आत्मकथन, अशी वाटणी कुणी न करताच झाली.

या वाटणीविषयी मला पहिली शंका आली ती एका इंग्रजी लेखिकेमुळे. मंजुला पद्मनाभन या दिल्लीत १९५३ साली जन्मल्या. वडील परराष्ट्र सेवेत, त्यामुळे बालपण परदेशांत गेले. चित्रकार म्हणून त्यांनी मुंबईत कामाला सुरुवात केली, आणि १९८२ साली इथल्या ‘संडे ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकात त्यांची ‘सुकी’ ही चित्रपट्टी सुरू झाली. १९८६ पर्यंत ती तिथे चालली, पुढे दिल्लीच्या ‘पायोनियर’मध्ये गेली. नाटक, कथा, कादंबरी, मुलांची पुस्तके असे सगळे करून त्या २०२३ च्या ‘स्टोलन अवर्स’ या कथासंग्रहापर्यंत आल्या. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ एक बाई चित्र आणि भविष्यकथा या दोन्ही ‘हलक्या’ मानलेल्या प्रकारांत गंभीरपणे काम करते आहे.

‘सुकी’ मी कॉलेजच्या वाचनालयात पाहिली. इंग्रजी यथातथा, पण चित्र असल्यामुळे धीर व्हायचा. सुकी ही एकटी राहणारी, दाट कुरळ्या केसांची, काहीशी आळशी बाई. तिला नवरा नाही, सासू नाही, आणि त्याचे दुःखही नाही. ती नुसती विचार करत बसते. आमच्या घाटकोपरच्या चाळीत विचार करत बसलेली बाई मी तोपर्यंत पाहिलीच नव्हती. बसलेली बाई म्हणजे एक तर तांदूळ निवडणारी किंवा आजारी. पुढे १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ आला आणि घराघरांत लाडका झाला. झालाच पाहिजे, तो गोड आहे. पण सुकी गोड नव्हती. तिच्यात विनोदच नाही अशी तक्रार अनेक वाचक करत. मला ती तक्रार समजते. आपल्याकडे चित्रातल्या बाईने एक तर हसवावे किंवा सोसावे अशी अपेक्षा असते.

याच सुमारास त्यांनी ‘लाइट्स आउट’ हे नाटक लिहिले. त्याला आधार आहे १९८२ साली सांताक्रूझला घडलेल्या एका खऱ्या घटनेचा. एका मध्यमवर्गीय इमारतीशेजारी अर्धवट बांधलेली इमारत. तिथे रात्र झाली की एका बाईवर अत्याचार होतो, तिच्या किंकाळ्या या घरात ऐकू येतात. लीला घाबरून नवऱ्याला म्हणते, पोलिसांना फोन करा. भास्कर करत नाही. जेवायला आलेला मित्र तर उत्सुकतेने खिडकीशी जातो. मग चर्चा सुरू होते. हा बलात्कारच कशावरून? एखादा धार्मिक विधी असेल, भूत उतरवत असतील, आणि कुणाच्या धर्मात आपण मध्ये का पडावे? बाई वेश्या असली तर? ही चर्चा संपते तेव्हा बाहेरचे सगळे आटोपलेले असते. आणि या सबंध वेळात फ्रिडा नावाची मोलकरीण स्वयंपाकघरात एकही शब्द न बोलता काम करत राहते.

मी हे नाटक १९९३ नंतर वाचले, आणि त्यामुळेच ते मला तटस्थपणे वाचता आले नाही. त्या जानेवारीत आमच्या गल्लीतही दिवे मालवलेले होते. आम्हीही मालवले होते. श्रीकृष्ण आयोगाने त्या दोन महिन्यांतल्या मृतांची संख्या ९०० दिली, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. या आकड्याच्या मागे किती खिडक्या होत्या आणि त्यांतून किती डोळे पाहत होते याची मोजदाद कुठल्याच आयोगाच्या कक्षेत येत नाही. ती पद्मनाभन यांनी दहा वर्षे आधी केली होती. तरीही इथे माझा एक आक्षेप आहे. त्यांच्या नाटकात दार कुणीच उघडत नाही. आमच्या चाळीत समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी अम्मीला आणि आम्हा तिघी बहिणींना दोन रात्री आपल्या घरात ठेवले, त्यांच्या धाकट्या मुलाला ते मुळीच पसंत नसताना. त्या काकूंना या नाटकात जागा नाही. लेखिकेला दिसले ते खोटे नाही, पण ते अपुरे आहे. फ्रिडाला बोलू दिले असते तर कदाचित ती दारापर्यंत गेली असती.

आता ‘हार्वेस्ट’. हे नाटक १९९७ चे. ग्रीसच्या ओनासिस प्रतिष्ठानने भरवलेल्या आंतरराष्ट्रीय नाट्यलेखन स्पर्धेत त्याला पहिले पारितोषिक मिळाले, १९९९ मध्ये अथेन्सला त्याचा ग्रीक भाषेत प्रयोग झाला, आणि २००१ साली गोविंद निहलानी यांनी त्यावर ‘देहम’ हा चित्रपट काढला. कथानक घडते मुंबईत, २०१० साली. म्हणजे लिहिताना ते भविष्य होते, आज ते मागे पडलेले साल आहे. ओमची नोकरी गेली आहे. तो ‘इंटरप्लांटा’ नावाच्या परदेशी कंपनीशी करार करून येतो. करार असा की कुटुंबाला आयुष्यभर पोसले जाईल आणि मोबदल्यात त्याचे अवयव, लागतील तेव्हा, एका श्रीमंत अमेरिकन ग्राहकाला मिळतील. दाता अविवाहित हवा, म्हणून बायको जया ही कागदावर बहीण होते. खोलीत छताला एक गोल यंत्र लटकते, त्यातून जिनी नावाची गोरी बाई केव्हाही डोकावते. जेवणाच्या जागी गोळ्या येतात. आणि घरात संडास बसतो.

या संडासापाशी मला थांबायचे आहे. इंग्रजी समीक्षक या नाटकाविषयी लिहिताना देह, जागतिकीकरण, नववसाहतवाद असे मोठे शब्द वापरतात. ते चूक नाहीत. पण ओमची आई विकली जाते ती संडासासाठी, हे आमच्यासारख्यांना लगेच समजते. चाळीस कुटुंबांत एक संडास होता, आता स्वतःचा. शेजारची बिद्युतबाई वापरू देता का म्हणून विचारायला येते, तिला मिळत नाही. पहाटे चारला डबा घेऊन रांगेत उभी राहिलेली मुलगी हे वाचून हसणारही नाही आणि आश्चर्यही करणार नाही. चिरागनगरला अण्णाभाऊ साठे राहिले, त्यांनी ‘चिरागनगरची भुतं’ लिहिली. त्याच घाटकोपरातली ही गोष्ट आहे, फक्त भुताच्या जागी यंत्र आले आहे. दिल्लीत जन्मलेल्या, परदेशांत वाढलेल्या बाईला आपल्या रांगेचे मोल कसे कळले हे मला सांगता येणार नाही. मात्र ते कळले आहे.

पुढे रक्षक येतात आणि ओमऐवजी चुकून त्याच्या भावाला, जितूला, घेऊन जातात. त्याचे डोळे काढले जातात. आई दूरदर्शनच्या एका पेटीत स्वतःला बंद करून घेते आणि बाहेरच येत नाही. ओम स्वतःहून कंपनीच्या शोधात निघून जातो. शेवटी कळते की जिनी नव्हतीच, तो व्हर्जिल नावाचा म्हातारा होता. आता तो जितूचा देह पांघरून जयाला भुलवतो आहे, त्याला तिचा गर्भाशय हवा आहे. अवयवांची विक्री आपल्या देशात १९९४ च्या कायद्याने गुन्हा ठरली होती, त्यामुळे पहिल्या भागाला कुणी अतिशयोक्ती म्हणू शकले असते. पण दुसऱ्या भागाचे काय? पैसे देऊन गर्भाशय भाड्याने घेण्याचा धंदा त्यानंतरच देशात फोफावला, परदेशी जोडपी इथे येऊ लागली, आणि त्याला बंदी करणारा कायदा झाला तो २०२१ साली. या बाबतीत नाटकच पुढे होते, कायदा बराच मागून आला.

जया काय करते? ती दार लावून घेते. प्रत्यक्ष ये, तुझ्या खऱ्या शरीराने ये, नाहीतर मी जीव देईन, असे सांगते. आणि तोवर एक अट घालते : माझे नाव नीट म्हणायला शीक. तो ‘झया’ म्हणतो, ती ‘जया’ म्हणून दुरुस्त करते.

इथेच माझे पद्मनाभन यांच्याशी भांडण आहे. नाटकाच्या सूचनांत त्यांनी लिहिले आहे की देणारे आणि घेणारे कुठल्या वंशाचे, कुठल्या नावांचे असावेत हे प्रयोग ज्या देशात होईल त्याप्रमाणे बदलावे. जगभर नाटक चालावे म्हणून हे ठीक असेल. पण मुंबईच्या उपनगरांत नाव बदलता येत नाही. अंधेरीला भाड्याने घर पाहायला गेले तेव्हा फोनवर माझे मराठी ऐकून दलाल ‘ताई, आजच या’ म्हणाला. जिना चढताना त्याने नाव विचारले आणि दुसऱ्या मजल्यावर त्याला आठवले की घर कालच गेले. ओमच्या घराला या शहरात ती एक खोली कशी मिळाली, कुणाच्या ओळखीने मिळाली, हा प्रश्न नाटक विचारत नाही. गरिबी तिथे आहे, पण तिला जात नाही, धर्म नाही. ज्या नाटकाचा शेवट नावाच्या हट्टावर उभा आहे, त्याच नाटकाच्या सुरुवातीला नावे अदलाबदलीची ठरवली आहेत.

हा दोष त्यांच्या नंतरच्या लेखनात थोडा भरून निघतो. २००२ च्या गुजरातनंतर त्यांनी ‘हिडन फायर्स’ ही पाच एकपात्री स्वगते लिहिली, ती २००३ मध्ये पुस्तकरूपाने आली. पहिल्या स्वगतातला माणूस साधा, बडबड्या. आग दिसली की पायाखाली चिरडायची, एवढेच तो सांगत राहतो. हळूहळू कळते की तो ज्यांना आग म्हणतो ती माणसे आहेत. त्यात ना हिंदू शब्द आहे ना मुसलमान, पण इथे नाव नसणे मला खटकले नाही, कारण मारणाऱ्याच्याच तोंडून ते गाळले गेले आहे. आपल्या कुणा नाट्यवेड्या मुलाने हे मराठीत उभे करावे. नेपथ्य लागत नाही, एक नट पुरतो.

कथांबद्दल थोडक्यात. ‘क्लेप्टोमेनिया’ (२००४) मधली ‘गांधी-टॉक्सिन’ ही कथा, अहिंसेचाच माल करून विकण्याची कल्पना, जरूर वाचावी.

‘एस्केप’ (२००८) ही कादंबरी मात्र आपल्या वाचक भगिनींसाठी महत्त्वाची आहे. एका देशात सेनापतींनी सगळ्या स्त्रिया नाहीशा केल्या आहेत. मीजी नावाची एकच मुलगी उरली आहे, तिला तीन काकांनी लपवून वाढवले आहे. २००१ च्या जनगणनेत देशात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ९२७ मुली होत्या, महाराष्ट्रात ९१३, हे आठवले की ही कल्पना फार लांबची वाटत नाही. पण मला हलवून गेले ते दुसरेच. काका प्रेमळ आहेत. मुलगी ओळखू येऊ नये म्हणून ते औषधे देऊन तिची वाढच रोखून धरतात. १९९३ नंतर माझ्या मामांनी जोगेश्वरी सोडली आणि मुंब्र्याला घर केले. माझी मामेबहीण तेव्हा नववीत होती. नवी जागा, स्टेशन लांब, वातावरण खराब, म्हणून तिची शाळा सुटली. मामा वाईट नव्हते, आजही नाहीत. संरक्षणाच्या नावाने तिची वाढ तिथेच थांबली. हे आत्मकथनात लिहायचे तर मामांना गुन्हेगार करावे लागते किंवा त्यांची बाजू घ्यावी लागते. पद्मनाभन यांच्या काकांवर प्रेमही करता येते आणि ते काय करताहेत हेही स्वच्छ दिसते. २०१५ चा पुढचा भाग ‘द आयलंड ऑफ लॉस्ट गर्ल्स’ मला पसरट वाटला. घटना फार, थांबणे कमी.

आणि ही वाट आपल्याला परकी आहे असे म्हणायला तोंड नाही. १९०५ साली रुकय्या सखावत हुसैन या बंगाली मुस्लिम बाईने ‘सुलतानाज ड्रीम’ लिहून पुरुषांना मर्दान्यात बसवले आणि राज्यकारभार व विज्ञान स्त्रियांच्या हाती दिले. तिने आधी आत्मकथन लिहावे असे तिला कुणी सांगितले नसावे.

दोन वर्षांपूर्वी मी ‘हार्वेस्ट’चा पहिला अंक मराठीत करून पाहिला, केवळ स्वतःसाठी. आईच्या तोंडी अम्मीची सातारी बोली घातली तर ती लगेच जिवंत झाली. ओमचा मी उस्मान केला, जयाची जुलेखा. शेवटाकडे डोळे लावून काम करत होते आणि तिथेच अडले. अमेरिकन माणूस जुलेखा म्हणताना पहिले अक्षर अगदी बरोबर म्हणेल, ते त्याच्या भाषेत आहे. चुकते ते आपल्या हजेरीपटात, शिधापत्रिकेत, शेजाऱ्यांच्या हाकेत. मराठीत ते अक्षर लिहायला नुक्ता लागतो, आणि छापखाना तो देत नाही. मग ‘माझे नाव नीट म्हण’ हे वाक्य माझी जुलेखा कुणाकडे पाहून म्हणणार? वही तशीच पडून आहे. शेवटच्या पानावर मी नाव तीन प्रकारे लिहून पाहिले आहे.