‘वाडा चिरेबंदी’तील घरकाम आणि चंदू

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकाचा विचार बहुधा सरंजामी घराण्याच्या ऱ्हासाची कथा म्हणून केला जातो. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, तात्याजींच्या तेराव्याचा खर्च आणि घराण्याचे दागिने यांकडे लक्ष जावे, हे स्वाभाविकच आहे. तथापि धरणगावच्या या घरात वृद्ध दादीची उस्तवार करणारा आणि पडेल ते काम निमूटपणे उपसणारा प्रौढ, अविवाहित पुत्र चंदू याच्यावर समीक्षेची दृष्टी क्वचितच स्थिरावते. स्थिरावलीच, तर त्याला ‘सेवाभावी’ म्हणून ती पुढे सरकते. हे विशेषण घाईचे आहे.

घरकामाची वाटणी स्त्री-पुरुष भेदावर होते, हा समज निराधार नाही. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीत सहा वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के, तर पुरुषांपैकी अवघे २६.१ टक्के दिवसाकाठी विनामोबदला घरकाम करताना आढळले. परंतु या सव्वीसांत कोणता पुरुष मोडतो, हे आकडा सांगत नाही. ते हे नाटक सांगते. भास्कर घराचा कर्ता आहे. सुधीर मुंबईहून आलेला, म्हणजे जवळजवळ पाहुणाच. चंदूला ना संसार, ना स्वतःची मिळकत. म्हणून पुरुष असूनही तो माजघराच्या बाजूला ढकलला जातो. त्याला काम सांगावेही लागत नाही, इतके ते गृहीत आहे. पुढच्या पिढीतील पराग आणि रंजू यांना या कष्टांचा स्पर्शही नाही, आणि घरात त्याचे कोणास वैषम्य वाटत नाही.

प्रभाची अवस्था वस्तुतः याहून फारशी निराळी नाही. तीही अविवाहित, तिच्या शिक्षणाची वाट वडिलांनीच अडविली. मात्र तिच्यापाशी कडवटपणा आहे आणि तो व्यक्त करणारी भाषाही आहे. चंदूला नाटककाराने ती दिलेली नाही. त्याचे मौन व्यक्तिरेखेच्या दृष्टीने सत्य आहे, यात शंका नाही. अशा घरांतील असे मुलगे बोलत नाहीतच. पण त्या मौनामुळे प्रेक्षकाचीही सोय होते. घरातील माणसे त्याच्या श्रमांकडे ज्या सहजतेने पाहतात, त्याच सहजतेने प्रेक्षकही पाहतो, आणि प्रभाविषयी हळहळत नाट्यगृहाबाहेर पडतो.