‘ढ’ आणि वर्धिष्णु बुद्धि

शाळेंत मागें पडणाऱ्या मुलास आपण ‘ढ’ कां म्हणतों, याची एक उपपत्ति सांगण्यांत येते. ब्राह्मी लिपीपासून देवनागरीपर्यंत येतांना बहुतेक अक्षरांचीं रूपें पालटलीं. ढ मात्र जवळजवळ जसाच्या तसा राहिला. म्हणून कितीही इयत्ता गेल्या तरी ज्याच्यांत फरक पडत नाहीं, तो ढ. उपपत्ति खरी असो वा मागाहून रचलेली असो, तिच्यांत दडलेली समजूत मात्र आपल्या घराघरांतून खरी मानली जाते. बुद्धि ही जन्मतः मापून मिळालेली वस्तु आहे आणि शाळा ती केवळ तोलून दाखविते, अशी ती समजूत होय.

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतील मानसशास्त्राच्या प्राध्यापिका कॅरोल ड्वेक यांचा ‘माइंडसेट’ हा ग्रंथ (२००६) या समजुतीचें खंडन करण्यासाठीं लिहिला गेला. त्याच्या लक्षावधि प्रती खपल्या, आणि शिक्षकवर्गांत त्याचा बोलबाला झाला. म्हणूनच त्यांत सोनें किती व मुलामा किती, हें पाहणें अवश्य आहे.

लेखिकेचें मुख्य प्रतिपादन असें कीं, बुद्धि स्थिर आहे असें मानणारा विद्यार्थी प्रत्येक परीक्षेस आपल्या लायकीचा कायमचा निवाडा समजतो. बुद्धि अभ्यासानें वाढते असें मानणारा त्याच अपयशांत पुढच्या अभ्यासाची दिशा शोधतो. पहिल्या वृत्तीस आपण स्थिर म्हणूं. दुसरीस, शिवमुद्रेंतला शब्द उसना घेऊन, वर्धिष्णु म्हणण्यास हरकत नाहीं. स्थिर वृत्तीचा मुलगा आळशीच असतो असें नव्हे. मेहनत करून नापास झालों तर आपण ढ ठरूं, न करतां झालों तर ‘अभ्यास केला नाहीं’ एवढेंच ठरेल, असा त्याचा हिशेब असतो. आईबापांस जो आळस दिसतो, तो पुष्कळदां अब्रू राखण्याचा उपाय असतो. हा भाग प्रत्येक पालकानें दोनदां वाचावा.

परंतु खरा धक्का बसतो तो स्तुतीविषयींच्या प्रयोगानें. क्लॉडिया म्युलर यांच्यासह ड्वेकबाईंनीं तो १९९८ सालीं प्रसिद्ध केला. पांचवीच्या मुलांना कोडीं घातलीं. कांहींस ‘तूं हुशार आहेस’ असें म्हटलें, कांहींस ‘तूं मेहनत चांगली केलीस’ असें. मग मुद्दाम कठीण कोडीं दिलीं, आणि शेवटीं पुन्हां पहिल्यासारखीं सोपीं. हुशार म्हटलेल्यांचे गुण पहिल्यापेक्षां उतरले. मेहनती म्हटलेल्यांचे वाढले. दुसऱ्या एका अनोळखी मुलास आपले गुण कळवितांना, हुशार म्हटलेल्यांपैकीं जवळजवळ ४० टक्के मुलें खोटें बोललीं. एका गोड वाक्याचा हा प्रताप ! पाहुण्यांपुढें ‘आमचा बंडू फार हुशार’ म्हणून मिरविणाऱ्या आपणां सर्वांस हें जड जाणार.

निंदेचें तर बोलावयासच नको. पण सांत्वनसुद्धां घातक होऊं शकतें. परवां माझी नववींतली पुतणी गणिताची वही मिटून म्हणाली, “काका, मला गणिताचं डोकंच नाही.” मी कांहीं बोलण्यापूर्वींच तिची आई स्वयंपाकघरांतून हंसत म्हणाली, “अहो भाऊजी, आमच्या माहेरी कुणालाच नव्हतं.” बोलण्यांत माया होती; मुलीला धीर द्यावा एवढाच हेतु होता. परंतु धीर देतां देतां माउलीनें मुलीच्या अपयशाला वंशपरंपरेचा दाखला जोडून दिला. मुलगी तत्काळ शांत झाली. वही मात्र त्या दिवशीं पुन्हां उघडली गेली नाहीं.

मग अशा मुलीस सोपीं गणितें देऊन यशाची गोडी लावावी काय ? याचें उत्तर याच लेखिकेच्या १९७५ सालच्या एका लहानशा प्रयोगांत आहे. अपयश येतांच हातपाय गाळणारीं बारा मुलें त्यांनीं घेतलीं. निम्म्यांस केवळ यशच मिळेल अशी व्यवस्था केली. उरलेल्यांस अधूनमधून चुकूं दिलें, आणि प्रयत्न कमी पडल्यानें ही चूक झाली असें समजावून दिलें. पुढें अवघड प्रश्न येतांच पहिलीं मुलें पूर्वींसारखींच कोलमडलीं. दुसरीं टिकून राहिलीं. म्हणजे अपयश टाळून नव्हे, तर त्याचा अर्थ बदलून मूल सावरतें.

बुद्धि वाढते हा विचार कांहीं नवा नाहीं, आणि लेखिकाही तसा दावा करीत नाहींत. बुद्धिमापनाचे जनक आल्फ्रेड बिने यांनीं १९०५ सालीं सिमोन यांच्यासह आपली कसोटी तयार केली, ती मदतीची गरज असलेलीं मुलें हुडकण्यासाठीं. बुद्धि वाढतच नाहीं असें मानणाऱ्यांचा त्यांनीं १९०९ मध्यें निषेध केला होता. त्यांच्या पश्चात् तेंच माप मुलांना कायमचें एका जागीं बसविण्याच्या कामीं आलें. ड्वेकबाईंच्या सहावीच्या शिक्षिकेनें तर बुद्ध्यंकाच्या क्रमानेंच मुलें बांकांवर बसविलीं होतीं. ही आठवण त्यांनीं ग्रंथांत सांगितली आहे.

आणि येथेंच माझा मोठा आक्षेप. ज्या बाईंनीं बांकांच्या त्या क्रमाचा जाच सोसला, त्याच पुढें जॅक वेल्च या कारखानदारास वर्धिष्णु वृत्तीचा आदर्श म्हणून उभें करतात. दरवर्षीं नोकरांची क्रमवारी लावून तळाच्या दहा टक्क्यांस काढून टाकण्याची पद्धत या गृहस्थांनींच गाजविली ! वीरकथांच्या नादांत लेखिका विसरतात कीं, बाळगलेली वृत्ति आणि माणसास मिळालेली वागणूक या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुलानें मन बदलावें, एवढ्यावर भागत नाहीं.

त्यांच्याच पुढील संशोधनानें हें दाखविलें. २०१९ सालीं ‘नेचर’ या नियतकालिकांत डेव्हिड यीगर, ड्वेकबाई प्रभृतींचा प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेंतील नववीच्या सुमारें १२,००० विद्यार्थ्यांपैकीं कांहींस संगणकावर, तासाभराहूनही कमी वेळांत, बुद्धि वाढते हा पाठ दिला होता. मागें पडलेल्या मुलांचे गुण चारांच्या मापावर सरासरी एक दशांशानें वाढले. वाढ इवलीशी, पण तेवढ्याशा वेळाच्या मानानें तुच्छ नव्हे. मात्र ज्या शाळांत अवघड प्रश्नास हात घालणें मुलामुलांत भूषण मानलें जाई, तेथेंच ती विशेष दिसली. वर्गांत चुकीच्या उत्तरास हंशा पिकत असेल, तर भिंतीवर ‘प्रयत्न करा’ असें लिहून काय होणार ? केवळ प्रयत्नाची पोकळ वाहवा म्हणजे वर्धिष्णु वृत्ति नव्हे, असा इशारा २०१६ च्या सुधारित आवृत्तींत लेखिकेस स्वतःसच द्यावा लागला, हें त्यांच्या प्रामाणिकपणाचें लक्षण होय.

क्रीडापटु, कारखानदार व प्रेमीजन यांवरचीं मधलीं तीन प्रकरणें वाचकानें न वाचतां उलटलीं तरी चालेल. स्तुतीचा भाग मात्र मीं आमच्या वहिनींस वाचावयास दिला आहे. “माहेरी कुणालाच नव्हतं” हें त्या अद्याप सोडीत नाहींत. पण आतां त्यास “कुणी नीट शिकवलंच नव्हतं” अशी पुस्ती जोडतात.